घड्याळाच्या भिंतीकडे

तिला पोहण्याच्या तलावावर सगळे पाणकोंबडी म्हणायचे आणि ती ओ द्यायची. नाव ठेवलं होतं शिट्टीने. शिट्टी म्हणजे तिथला जीवरक्षक. गळ्यातली शिट्टी तो झोपतानाही काढत नसावा, असा सगळ्यांचा संशय. छातीभर पाण्यात, मान पुढेमागे हलवत, मागे सहा पोरांची रांग घेऊन चाललेली ही बुटकी बाई पाहून तो पहिल्याच वर्षी म्हणाला होता, "ती बघा, निघाली पाणकोंबडी पिल्लं घेऊन." नाव चिकटलं ते चिकटलंच. मुलं मात्र तिला आत्या म्हणत. जिला 'मॅडम' म्हणायचं तिच्या अंगावर कुणी पाण्यात उडी टाकत नाही, असं तिचं मत होतं.

वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती या तलावावर आली, ती कपडे बदलायच्या खोल्या पुसायला. पोहायचं सोडाच, ओल्या फरशीवरून ती भिंतीला हात लावून चालायची. दिवसभर पाण्याच्या कडेला राहायचं आणि पाण्याला घाबरायचं, हे पाहून तिथल्या एका म्हाताऱ्या शिक्षकाने तिला दुपारच्या रिकाम्या वेळात पाण्यात उतरवलं. पाठीवर तरंगायला तिला चार महिने लागले. हेच तिचं भांडवल. लहानपणी पोहायला शिकलेल्याला आपण कधी घाबरलो होतो हे आठवत नाही. उशिरा शिकलेल्याला भीतीचा पत्ता पाठ असतो. ती आधी कानात शिरते, मग नाकात, मग पायाखालची जमीन काढून घेते. मूल नेमकं कुठे अडलंय हे तिला त्याच्या खांद्यावरून कळायचं.

हात कसे मारायचे, पाय कसे मारायचे, हे ती शिकवत नसे. ते पलीकडच्या पट्ट्यात शर्यतीचे सर शिकवत. तिच्याकडे चार ते सहा वर्षांची मुलं यायची आणि एकच गोष्ट शिकायची: चुकून पाण्यात पडलो तर काय करायचं.

"दोन महिने झाले, अजून पोहत कसा नाही?" एखादे वडील विचारत.

"पोहायला सगळं आयुष्य पडलंय हो त्याचं," ती म्हणायची. "आधी न बुडायला शिकू दे."

तलाव बंदिस्त होता. उंच छत, काचेवरच्या झापडांमधून येणारा फिकट उजेड, आणि जिथे पाणी उथळ होतं तिथल्या भिंतीवर, बऱ्याच उंचीवर, एक परातीएवढं गोल घड्याळ. त्या घड्याळावर तिचं सगळं शिकवणं उभं होतं. पाण्यात पडलेलं मूल हनुवटी छातीत खुपसतं. हनुवटी खाली गेली की कंबर खाली जाते, मागोमाग पाय, आणि मग सगळंच. 'मान वर कर' म्हणून काही होत नाही. आपल्याला मान आहे हेच त्या क्षणी त्याला ठाऊक नसतं. एकोणीस वर्षांपूर्वी एका रडव्या मुलाला ती वैतागून म्हणाली होती, "अरे, निदान किती वाजले ते तरी बघ!" मुलाने डोकं मागे टाकून, उलट्या नजरेने घड्याळाकडे पाहिलं. कान पाण्यात गेले, कंबर वर आली, आणि रडायचं विसरून तो तरंगत राहिला. त्याला घड्याळ कळत नव्हतं, पण एवढं कळलं.

तेव्हापासून घड्याळाखालच्या काठावर पोरांना उभं करायचं, आणि सगळ्यांनी ओरडायचं: "पड! वळ! घड्याळ!" मुलं समोर उडी टाकत, पाठीवर वळत, मागे वर घड्याळ शोधत आणि त्याच्याकडे बघत बघत पायांनी पाणी ढकलत काठाला येत. काठ धरला की खेकड्यासारखं हातावर हात सरकवत पायऱ्यांपर्यंत. दुसऱ्या तलावांवरच्या बायका येऊन ही युक्ती बघून गेल्या होत्या. तिला तिचा अभिमान होता; बोलून दाखवत नसली तरी होता.

भिंगरी आली तेव्हा ती पाच वर्षांची होती. स्थिर उभं राहणं हा प्रकारच तिला माहीत नव्हता. रांगेत उभी असतानाही ती स्वतःभोवती फिरत असायची, म्हणून पहिल्याच दिवशी शिट्टीने तिचंही बारसं उरकलं. तिची आई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. बारीक बाई, बोटांच्या टोकांना पांढरी पूड. बोलायचीही मोजून.

"आठ आठवडे आहेत," पहिल्या दिवशी ती म्हणाली. "हिच्या बाबांची नेमणूक पाणीपुरवठ्याच्या पंपावर झालीय. तिथेच राहायची खोली. दारातून बावीस पावलांवर साठवणीचा तलाव. मी स्वतः चालून मोजलीत. तेवढ्यात होईल ना?"

"कुणाची बावीस? तुमची की हिची?"

आईने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "माझी."

"मग हिची चाळीस. होईल."

आणि झालं. मुलगी विलक्षण चपळ. जिला जमिनीवर दोन मिनिटं थांबता येत नव्हतं ती पाण्यावर मात्र पानासारखी पडून राहायची, घड्याळाकडे डोळे लावून. "आत्या, मोठा काटा उलटा चाललाय," ती पाठीवरूनच सांगायची. पाचव्या आठवड्याच्या शेवटी पाणकोंबडीने तिच्या मनगटाला निळी फीत बांधली. ही फीत म्हणजे तिची सही: हे मूल पडलं तर वळेल, तरंगेल, काठ गाठेल.

आईने ती फीत दोन बोटांत धरून पाहिली आणि तिचा सगळा चेहरा सैल झाला. "सुटले बाई," ती म्हणाली. "त्या तलावाला कुंपण घाला म्हणून मी हिच्या बाबांच्या साहेबांच्या मागे लागले होते. ते म्हणतात पुढच्या वर्षी बघू. आता एवढं ताणून धरत नाही."

पाणकोंबडी तेव्हा हसली. ते हसू पुढे तिला बरेच दिवस बोचणार होतं.

त्यानंतरच्या सोमवारी ती पाण्यात उतरली तर भिंतीवर घड्याळ नव्हतं. त्याच्या जागी एक फिकट गोल, मधोमध खिळा.

"दुरुस्तीला धाडलंय," शिट्टी काठावरून म्हणाला. "वर्षभर दहा मिनिटं मागे होतं. म्हणूनच तुला कधी उशीर होत नाही असं वाटायचं."

तिनेही हसून सोडून दिलं. मुलांना काठावर उभं केलं. "पड! वळ!" मुलं ओरडली, आणि 'घड्याळ' मात्र अर्धवटच आलं.

पहिली उडी भिंगरीची. पडली, वर आली, सराईतपणे पाठीवर वळली. डोकं मागे टाकलं. आणि तिचे डोळे भिंतीवर फिरायला लागले. घड्याळ नाही म्हणजे ही ती भिंत नाही, असं तिला वाटलं असावं. तिने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग घड्याळ शोधायला डोकं उचललं. हनुवटी खाली आली. कंबर बुडाली. पाय खाली गेले, आणि जी मुलगी पाच आठवडे पानासारखी तरंगली ती दगडासारखी खाली निघाली.

पाणकोंबडी हातभर अंतरावरच होती. दोन श्वासांत तिने तिला उचलून खांद्यावर घेतलं. भिंगरी खोकली, नाक पुसलं, भिंतीकडे पाहिलं आणि अगदी काळजीने विचारलं, "आत्या, घड्याळ बुडालं का?"

शिट्टी हसला. पाणकोंबडी हसली नाही. तिने बाकीच्या पाचांना एकेक करून उडी टाकायला लावली, स्वतः अगदी जवळ उभी राहून. सहातल्या चौघांचं तेच झालं. पाचवा तरंगला, पण छतावरच्या दिव्यालाच घड्याळ समजून मधोमध निघाला. एकटी एक गुबगुबीत मुलगी बरोबर काठाला लागली, आणि ती डोळे मिटून उडी मारायची.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर ती बराच वेळ पाण्यातच उभी राहिली. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या.

"एवढं काय झालं?" शिट्टी म्हणाला. "आठवड्यात येईल परत घड्याळ."

"तिच्या पंपावर कुठलं घड्याळ येणार आहे रे?" ती म्हणाली.

शिट्टीने शिट्टी तोंडात घातली आणि न वाजवताच परत काढली.

घरी तिचा नवरा पुस्तकबांधणीचं काम करायचा. त्याच्या हातांना खळीचा वास, हिच्या केसांना तलावाच्या औषधाचा. एका खोलीत दोन्ही वास वर्षानुवर्षं एकमेकांशी जमवून राहिले होते. त्या संध्याकाळी ती नुसतीच चहाचा कप धरून बसली. नवऱ्याने दोनदा विचारलं, मग तिची पाठ थोपटून तो आपल्या दाबयंत्राकडे वळला. न सांगणाऱ्याला विचारत बसू नये, हे शहाणपण त्याला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच आलं होतं.

सासूबाईंना असलं शहाणपण नव्हतं. त्यांना आता जवळजवळ काहीच दिसत नसे, पण घरात कोण कसं बसलंय ते बरोबर कळायचं.

"काय गं, आज चहा पितेस की त्याला शेक देतेस?"

मग तिने सांगितलं. घड्याळ, फीत, बावीस पावलं, सगळं. "आई, मला वाटत होतं मी पोरांना पाणी शिकवते. मी त्यांना फक्त ती एक भिंत शिकवली. एकोणीस वर्षं."

सासूबाई तिच्याकडे सरकल्या. "मागच्या साली तुम्ही दोघांनी हौसेने कपाट हलवलंत, आठवतं? तोवर मी या घरात डोळस होते. कपाट, मग खुर्ची, मग दार. कपाट हललं आणि आठ दिवस माझं कपाळ फुटत होतं. तुझा नवरा म्हणाला, परत ठेवू का जागेवर? मी म्हटलं, खबरदार! आज तू ठेवशील, उद्या दुसरं काही हलेल. मग मी काय केलं?"

"हात पुढे धरून चालायला लागलात."

"हां. आधी नव्हते धरत, कारण गरज नव्हती. हात माझेच होते की. कपाट तुमचं." त्यांनी चाचपून तिच्या हातातला कप काढून घेतला. "गारढोण झालाय. नवा टाक. मलाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चष्म्याच्या दुकानात गेली. मागच्या अरुंद खोलीत भिंगरीची आई घासायच्या चाकापुढे बसली होती. चाकावर बारीक पाणी ठिबकत होतं, भिंतीवर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता. तिला पाहून आईने चाक थांबवलं. पाणकोंबडीने आडपडदा न ठेवता सांगितलं. फीत चुकून बांधली. चूक मुलीची नाही, माझी.

आई सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे माझी मुलगी घड्याळात तरंगते. पाण्यात नाही."

"आज तरी तसंच आहे."

"चष्म्याचा नंबर चुकला तर गिऱ्हाईक भांडायला तरी परत येतं," आईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पाण्यातून कोण येतं? तुमच्या एका फितीवर मी कुंपण सोडून दिलं. तुमच्यासमोर बोलले होते मी. तुम्ही हसलात."

"हो. हसले." पाणकोंबडी म्हणाली. "तेव्हाच तुम्हाला थांबवायला हवं होतं. फीत खरी असती तरीसुद्धा. मी शिकवते ते शेवटचं दार आहे, ताई. त्याच्याआधीची दारं बंद असतील तरच त्याला अर्थ. पाच वर्षांच्या पोरीच्या भरवशावर तलाव उघडा ठेवायचा नसतो. तिला कितीही येत असलं तरी."

आईने हातातलं भिंग उजेडाकडे धरलं, पुसलं, पुन्हा धरलं. मग दुकानातला फोन ओढून तिने नवऱ्याला लावला. "ऐका. कुंपण झाल्याशिवाय सामान हलणार नाही. ...नाही, ताण आलेला नाही मला. तुमच्या साहेबांना सांगा, बायको ऐकत नाही. ...हो, तसंच सांगा, त्यांनाही बायको असेल." फोन ठेवून ती पाणकोंबडीकडे वळली. "तीन आठवडेही राहिले नाहीत. काय करणार तुम्ही?"

"पुन्हा पहिल्यापासून."

"आणि यावेळी मला कसं कळणार?"

"तुमच्या डोळ्यांनी बघा. माझ्या तलावात नाही. तुमच्या."

भिंगरीची समजूत घालणं जास्त अवघड गेलं. तिने फितीचं मनगट पाठीमागे लपवलं. "पण मी जिंकले होते!"

"तू जिंकलीच होतीस गं. मी हरले होते. माझी फीत मला दे, मी परत एकदा प्रयत्न करते."

भिंगरीने बराच विचार केला, एक गिरकी घेतली आणि हात पुढे केला. "बरं. पण हरवू नकोस."

मग तलावावर जे सुरू झालं ते पाहून शर्यतीच्या सरांनी आपल्या मुलांना पाठ फिरवून पोहायला सांगितलं. घड्याळाखालचा काठ वर्ज्य. आज या बाजूने, उद्या त्या, परवा कोपऱ्यातून. उडी नाही, तर कुशीवर पडायचं, मागे पडायचं, एकमेकांना 'चुकून' धक्का देऊन पडायचं. अर्थात आत्या पाण्यात हात पसरून उभी असतानाच, आणि आत्याने 'हं' म्हटल्यावरच. पडण्याआधी दोन गिरक्या, म्हणजे कुठली भिंत कुठे हे डोक्यातून पुसून जावं. या प्रकारात भिंगरीला तोड नव्हती. काचेवरची झापडं ओढून अंधुक केलं. एके दिवशी सगळे बाहेरच्या कपड्यांत आले, बुटांसकट. एक मुलगा बाहीत हवा भरून फुगला आणि "मी ढग झालो!" म्हणत तरंगत राहिला. गुबगुबीत मुलीचा एक बूट तळाशी गेला. तिने त्याला हात हलवून निरोप दिला.

शिट्टी लाकडी फळी घेऊन लाटा करायचा. "आज मी वारा आहे," तो काठावरच्या पालकांना सांगायचा. "उद्या वादळ होईन. चहा पाजलात तर."

व्यवस्थापक एकदा खाली आले. पाण्यावर बाहेरच्या झाडाची पोतंभर पानं तरंगत होती. "ही कुणी टाकली?"

"वाऱ्याने," सहा मुलं एका सुरात म्हणाली. व्यवस्थापकांनी शिट्टीकडे पाहिलं. शिट्टीने छताकडे.

आणि 'घड्याळ' हा शब्द गेला. त्याच्या जागी काय आणायचं यावर तिने तीन दिवस घालवले होते. सासूबाईंचे हात डोक्यात होते. जे मुलाच्या अंगावरच आहे, कुठल्याही पाण्यात सोबत येईल, असं काहीतरी हवं होतं. शेवटी सगळे गेल्यावर ती तलावात स्वतः पाठीवर पडली आणि वाट पाहिली. पहिल्यांदा काय बदलतं? आवाज. कान पाण्याखाली गेले की सगळं जग लांब जातं. तिथेच, चार महिने अडल्यावर, ती स्वतः सुटली होती. कान भिजले की हनुवटी आपोआप वर येते, नाक मोकळं होतं. हे तिला एकोणीस वर्षं माहीत होतं, आणि ती भिंतीकडे बोट दाखवत राहिली होती.

"पड! वळ! कान भिजव! थांब!"

'थांब' सगळ्यात कठीण. कान भिजवून नुसतं पडून राहायचं, तीन श्वास घ्यायचे. मग हळूच मान वळवून सगळ्यात जवळ काय आहे ते बघायचं: काठ, दोरी, पायरी, काहीही. आणि तिकडे. भिंगरी पहिले चार दिवस थांबेना. पडली की लगेच कुठेतरी निघायची. पाचव्या दिवशी, अंधुक उजेडात, पानांच्या मधोमध ती थांबली. एक श्वास. दुसरा. तिसरा. मग चौथाही घेतला, आवडला म्हणून.

पाणकोंबडीने फीत मात्र बांधली नाही.

पंपावरच्या तलावाची सहल ठरली ती आठव्या आठवड्याच्या रविवारी सकाळी. शिट्टी बुडणाऱ्याला फेकायचा तरंगता पट्टा खांद्याला अडकवून आला होता. भिंगरीचे बाबा पंपघराच्या दारात उभे, हातात किल्ल्यांचा जुडगा; भला, ढगळ माणूस, पाणकोंबडीला पाहून उगाचच किल्ल्या वाजवू लागला. तलावाभोवती खांब रोवून झाले होते, तीन बाजूंना जाळी ताणलेली. चौथ्या बाजूला फाटक, कडी मोठ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर.

"साहेबांना तसंच सांगितलं," ते म्हणाले. "बायको ऐकत नाही म्हणून. आठवड्यात माणसं पाठवली."

आईच्या हातात एक लांब बांबू होता. कुणी पडलं तर आपण उडी मारायची नाही. पालथं झोपायचं आणि बांबू पुढे करायचा, हे पाणकोंबडीने तिला शिकवायच्या तलावावर दोनदा करायला लावलं होतं. ती तो बांबू भाल्यासारखा धरून उभी होती.

आधी आपण उतरायचं, असं पाणकोंबडीने ठरवलं होतं. ती दगडी पायऱ्यांवरून खाली आली. तिसऱ्या पायरीला शेवाळ होतं. पाणी हिरवं, गार. गुडघ्याखालचे आपले पाय दिसेनात. कमरेपर्यंत गेली, छातीपर्यंत, मग पाय उचलले, आणि तिला उमगलं की शिकवायच्या तलावावरच्या त्या पाण्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही पाण्यात ती आयुष्यात उतरली नव्हती. इतक्या मुलांना शिकवलं, पण स्वतः कधी नाही. तिने पाहिलं तर तिचे डोळे समोरच्या काठावर, झाडांवर, पंपघराच्या भिंतीवर धावत होते. ते काय शोधत होते हे तिला कळलं आणि लाजही वाटली, हसूही आलं.

"काय गं पाणकोंबडे?" शिट्टीने वरून विचारलं. आवाज हलका होता, पण पट्टा खांद्यावरून हातात आला होता.

"काही नाही. थांब जरा."

तिने डोकं मागे टाकलं. कान भिजवले. काठावरचे आवाज लांब गेले. पाण्याने तिला धरलं, ओळखदेख नसताना. एक श्वास. दुसरा. वर पांढुरकं आभाळ, आणि त्यात लटकवायला एकही खिळा नव्हता. तिसरा श्वास घेऊन ती वळली.

"ये," तिने भिंगरीला हाक मारली. "बूट काढू नकोस."

भिंगरी काठावर उभी राहिली. दोन गिरक्या घेतल्या. "हं," आत्या म्हणाली, आणि ती कुशीवर पडली.

हिरव्या पाण्याने तिला गिळलं. वरून काहीच दिसेना. आईने बांबूचं टोक पाण्याकडे झुकवलं; बाबांच्या किल्ल्या गप्प झाल्या. पाणकोंबडी हाताच्या अंतरावर होती, हात पाण्याखाली उघडे ठेवून, आणि ते पुढे जाऊ नयेत म्हणून तिला सगळं बळ लागत होतं.

मग एक ओला चेहरा वर आला. खोकला, वळला. कान पाण्यात गेले. आणि भिंगरी थांबली.

ती बराच वेळ थांबली. तीन श्वास झाले, पाच झाले. तिचे डोळे कुठेही धावत नव्हते. कपाळाला मात्र एक आठी पडली होती, लक्ष देऊन काही ऐकणाऱ्या माणसाला पडते तशी. मग तिने सावकाश मान वळवली. सगळ्यात जवळ दगडी काठ होता. पायांनी पाणी ढकलत ती तिथे लागली, बोटं दगडाच्या फटीत रुतवली, आणि खेकड्यासारखी सरकत पायऱ्यांकडे निघाली. शेवाळाच्या पायरीवर तिचा बूट घसरला. बाबा पुढे झुकले.

"थांबा," पाणकोंबडी म्हणाली.

बाबा थांबले. भिंगरीने दुसरा पाय टाकला, गुडघा टेकला, आणि ती वर आली. कपड्यांतून पाणी गळत होतं.

आईने बांबू खाली ठेवला, टॉवेलमध्ये तिला गुंडाळलं आणि तशीच धरून बसली. काही वेळाने टॉवेलमधून आवाज आला, "आई, सोड ना. आत्याला सांगायचंय. आत्या, पाण्याच्या आत बाबांचा पंप वाजतो!"

"काय म्हणतेस!"

"खरंच. घूं घूं घूं. कान भिजवले की ऐकू येतो. बाबा, तुम्ही ऐकलाय?"

बाबांनी मान हलवली. सतरा वर्षं ते ठिकठिकाणचे पंप चालवत आले होते, पण पंप पाण्याच्या आतून कसा वाजतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते पायरीवर गुडघे टेकून बसले, चष्मा काढून बायकोकडे दिला, आणि अंग बाहेर ठेवून एक कान पाण्याला लावू लागले. शिट्टीने मागून त्यांचा कमरेचा पट्टा घट्ट धरला. "वाकू नका साहेब इतके, आज एकच गिऱ्हाईक घ्यायचं ठरलंय."

पाणकोंबडीने पिशवीतून निळी फीत काढली. पण भिंगरीला न बांधता आईच्या हातात दिली. आईने ती उजेडाकडे धरून पाहिली, भिंग पाहावं तशी. मग आपल्या मुलीच्या मनगटाला बांधली, दोन गाठी मारून.

"तरी फाटक लावायचं," ती भिंगरीला म्हणाली.

"मला पोचतच नाही कडी."

"म्हणूनच तिथे बसवलीय."

पुढच्या आठवड्यात पोहण्याच्या तलावावरचं घड्याळ एकदाचं दुरुस्त होऊन आलं. शिट्टी शिडी घेऊन खिळ्याखाली उभा राहिला. पाण्यात नवी सहा मुलं होती, त्यातलं एक आधीच रडत होतं.

"लावू ना जागेवर?" त्याने विचारलं.

पाणकोंबडीने रडणाऱ्या मुलाला कडेवर घेतलं आणि चारही भिंती पाहिल्या. "आज त्या खिडक्यांच्या भिंतीवर लाव. पुढच्या सोमवारी समोरच्या. मग उतरवून ठेव आठवडाभर."

"म्हणजे दर सोमवारी मी शिडी चढायची?"

"हो."

"जीवरक्षक म्हणून लागलो होतो मी इथे."

"मग तेच करतोयस की," ती म्हणाली आणि मुलाकडे वळली. "हं, तू सांग. तुझे कान कुठे आहेत?"

मुलाने रडणं थांबवलं आणि दोन्ही हातांनी चाचपून दाखवले.